काठावर कोपर

हे लिहून ठेवायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. आळस होताच, शिवाय एका मित्राचा आब सांभाळायचा होता. दोन धडधाकट माणसं, त्यातला एक चांगला नावाजलेला गवंडी, भरदिवसा असं काही करून बसली की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, खरंच? पण आता तो मित्रच येईल त्याला हे सांगत सुटलाय, आणि दर वेळी स्वतःच्या पदरचं तिखटमीठ लावतोय. मग म्हटलं, एकदा झालं तसं लिहूनच टाकावं.

तर, ज्या घरात हे झालं तिथे माणसं तीन. आई, बाबा आणि धाकटा. थोरली ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी. बाबा बसचे कंडक्टर होते, निवृत्त झाले, पण अंगातली बस काही रिकामी झाली नाही. दारात दोन माणसं उभी दिसली तरी त्यांच्या तोंडून "पुढे सरका" निघतं. धाकटा एका फरशीच्या दुकानाची गाडी चालवतो. बाकी त्याला जे काही येतं ते त्याने फोनवर बघून बघून उचललेलं. न्हाणीघरातली मांडणी त्यानेच बांधली. तिच्यावर साबण ठेवला की तो आपला आपण खाली उतरतो.

आणि आई. आईने उभं आयुष्य एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. एका पाळीची माणसं जेवून उठली की दुसरी पाळी दारात. मग एक दिवस कारखान्याने बाहेरून खोक्यांतलं जेवण मागवायचं ठरवलं. दुपारी सगळ्यांना सांगितलं आणि संध्याकाळी कँटीनच्या दाराला कुलूप. साहेब तसा भला, त्याने विचारलं, आठवण म्हणून काय हवं? त्याला वाटलं असेल भिंतीवरचं घड्याळ मागेल. आईने पातेलं मागितलं.

नावाला पातेलं. जाड ॲल्युमिनियमचं, दोन बाजूंना दोन कान, तोंड आवळलेलं आणि पोट सुटलेलं. बाबा म्हणाले, हा तर आमचा डेपो मॅनेजर. घरी आणल्यावर कळलं की ते स्वयंपाकघराच्या दारातून आत जात नाही. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं, बाबांनी "येऊ दे, येऊ दे" करून बघितलं. शेवटी परसात नेऊन उपडं घातलं, पाणी साठू नये म्हणून. आणि ते तिथेच राहिलं. उन्हं वर आली की एक मांजर त्याच्यावर येऊन झोपायची.

इकडे आईचा स्वयंपाक बिघडला.

एक दिवस आळणी, एक दिवस खारट. तीन माणसांचा म्हणून केलेला भात तीन दिवस पुरायचा. तीच डाळ, तेच मीठ, तोच हात, पण काही केल्या जमेना. धाकटा मुकाट्याने खायचा. बाबा दोनदा पाणी प्यायचे आणि छान झालंय म्हणायचे, आणि हे पाणी पिणं आईला दिसायचं. एका दुपारी तिने साधा बटाट्याचा रस्सा केला, चमच्यावर घेऊन चाखला, चमचा खाली ठेवला आणि गॅस बंद केला.

"माझा हात गेला," ती म्हणाली.

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गॅसपाशी उभीच राहिली नाही. भाजी चिरून द्यायची, भांडी लावायची आणि मग खिडकीशी बसून राहायची. बाबा अंडी उकडायला शिकले. धाकट्याने भात जाळायचं शिक्षण घेतलं. घरात कुणाला काही झालं नव्हतं, पण बाहेरून येणारा माणूस आवाज खाली घेऊनच बोलायचा.

धाकट्याच्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळायला लागला. आईचा हात असा कसा जाईल? हात काय चावी आहे, कुठेतरी पडायला? त्याचं आपलं साधं गणित होतं. पातेलं कँटीनमध्ये चुलीवर होतं तेव्हा आई बरी होती. पातेलं परसात उपडं पडलं आणि आईचं सगळं उपडं झालं. मग पातेल्याला चूल बांधून दिली तर? यामागचं कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण पटलं म्हणजे पटलं.

तीन दगड मांडून भागलं असतं, बाबांचं तेच म्हणणं होतं. धाकट्याला ते नको होतं. आज मांडलं आणि उद्या लाथ लागून विस्कटलं, असलं नको. पाया खणून, विटा लावून, ओटा, चूल, धुराडं, भांडी घासायला हौद, सगळं पक्कं. परसातलं आख्खं स्वयंपाकघर. आणि भिंती नकोत, दार तर नकोच.

"दार नसलं की कुलूप कुठे लावणार?" तो बाबांना म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच परसातलं गवत उपटायला घेतलं.

गवंडी शोधायची गरज नव्हती. शाळेपासूनचा मित्र गवंडीच होता. उंच, सडपातळ, चालताना इकडे नाही की तिकडे नाही, सरळ दोरीसारखा. म्हणून भिंत उभी आहे की कलली ते बघायला जे वजन दोरीला बांधून सोडतात, त्याचंच नाव त्याला पडलं: ओळंबा. ओळंबा एका भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा, मिळेल तिथे मिळेल ते खायचा. शाळेत असताना आई कँटीनमधून उरलेलं घेऊन यायची तेव्हा या घरातलं पाचवं ताट त्याचं असायचं. आईला तो काकू म्हणायचा, पण हट्ट मुलासारखा करायचा. त्याला धाकट्याने सगळं सांगितलं. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पातेलं केवढं? आणि काकूंना विचारलंस का?

मग दोघं आईकडे गेले. तिने खिडकीतून परसाकडे बघितलं, मग या दोघांकडे.

"पातेल्याला घर बांधताय? बांधा," ती म्हणाली. "त्यात राहायला मी यायची नाही."

ओळंब्याचा चेहरा पडला. धाकटा मात्र बाहेर येऊन म्हणाला, बांधा म्हणाली ना, पुढचं पुढे.

रविवारी आणि कामावरून आल्यावर संध्याकाळी, असं काम सुरू झालं. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पाया खणताना एक बूट निघाला, तो कुणाचा यावर बाबांनी दोन दिवस घालवले. विटा भिजवायच्या, सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, गाडा भरून आणायचा. गाडा आणताना बाबा मागे उभे राहून हात हलवायचे, डावीकडे, अजून डावीकडे, बस, बस, आणि त्यांनी बस म्हणायच्या आत गाडा नेमका खड्ड्यात जायचा. धाकट्याने फोनवर काय काय बघून ठेवलेलं. तो ओळंब्याला सांगायचा की तिकडे एक माणूस असं असं करतो. ओळंबा म्हणायचा, त्या माणसाला बोलाव मग, मी जातो घरी. जात मात्र नव्हता.

भिंतीपलीकडे शिंपीणबाई राहायची. तिच्या दोरीवर लोकांचे कोरे कपडे वाळत असायचे. तिने भिंतीवरून मान काढून बजावलं की धूर माझ्या कपड्यांवर आला तर तुम्हा दोघांचे सदरे काळ्या दोऱ्याने शिवून देईन. म्हणून धुराडं ठरल्यापेक्षा उंच घेतलं.

ओटा काटकोनात वळवला होता. एका हाताला काम करायची जागा आणि हौद, दुसऱ्या हाताला चूल. चुलीच्या आतून आग सोसणाऱ्या भट्टीच्या विटा, बाहेरून साध्या. वरून लावायला दुकानातल्या उरल्यासुरल्या फरशा. फुटक्या खोक्यांतल्या, एकीसारखी दुसरी नाही, निळी, पिवळी, एक गुलाबी जी कुणीच कधी विकत घेतली नसती.

आई खिडकीतून बघायची. एकदाच बाहेर आली. हौदासाठी लावलेल्या विटांकडे बघत म्हणाली, ओले हात घेऊन आगीकडे पाठ करून वळायचं का माणसाने? आणि आत निघून गेली. ओळंब्याने तिथल्या तिथे त्या विटा काढल्या आणि हौद दुसऱ्या टोकाला घेतला. त्या संध्याकाळी ओळंबा काम करताना शीळ घालत होता.

मग आई ताईकडे गेली, आठवडाभर राहून शनिवारी येणार होती. ती यायच्या आत सगळं उरकायचं असं ठरलं. राहिलं होतं ते मुख्य काम: चुलीच्या माथ्यावर पातेलं बसायला गोल तोंड.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण गोंधळ झाला तो इथेच.

विटांच्या कामात गोल भोक ठेवायचं तर आत साचा लागतो. लाकडाचा साचा करायला वेळ जातो. ओळंब्याची आपली एक पद्धत होती, साऱ्या गावात तो ती वापरायचा. गोल भोकासाठी बादली ठेवायची. बादलीला बाहेरून तेल चोपडायचं, आत वाळू भरायची म्हणजे ती हलत नाही, भोवतीने विटा आणि माल लावायचा. माल घट्ट होऊन आवळला की वाळू काढून बादली जराशी पिळून वर उचलायची. सुळकन निघते, भोक तयार. मोऱ्या, टाक्या, नळाची तोंडं, सगळं त्याने बादलीवर केलेलं. पण पातेल्याएवढी बादली कुठून आणणार?

"पातेलंच ठेवू की," धाकटा म्हणाला. "त्याच्याच मापाचं भोक हवंय ना?"

ओळंब्याने त्याच्या पाठीत एक थाप मारली, इतकं त्याला ते आवडलं.

मांजरीला उठवलं, पातेलं सुलटं केलं, चुलीच्या आत तीन विटांच्या पायांवर ठेवलं. तेल चोपडलं. वाळू भरली. आणि दोघं भोवतीने बांधत सुटले. पोटाच्या खालून सुरुवात, पोटाला वळसा घालून वर, थेट काठापर्यंत. वर फरशा. गुलाबी फरशी धाकट्याने काठाशी लावली, आईला समोर दिसेल अशी. बाबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांना तर ते सगळं इतकं देखणं वाटलं की ते उठून गल्लीत गेले आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला यायचं म्हणून सांगून आले. गल्लीभर तिकिटं फाडली. आईला विचारायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

माल आवळू दिला. शनिवारी सकाळी दोघं पातेलं काढायला गेले. वाळू तशीच ठेवून आधी हलतंय का ते बघू म्हणून ओळंब्याने काठाला धरून पीळ दिला. काहीच नाही. धाकट्याने दुसऱ्या बाजूने धरलं. तरी नाही. ओळंबा म्हणाला, तेल कमी पडलं असेल. मग तो मागे सरकला, ओट्यापासून दोन पावलं, आणि बघत राहिला. मग त्याने थापी जमिनीवर टाकली आणि स्वतःही तिथेच बसला.

"बादली वर रुंद असते," तो म्हणाला.

धाकट्याला आधी कळेना. मग कळलं. बादली वर रुंद, खाली निमुळती, म्हणून ती वर निघते. पातेल्याचं पोट मोठं आणि तोंड लहान. पोटाच्या वर त्यांनी चारी बाजूंनी विटा आवळत नेल्या होत्या. ते पातेलं आता जन्मात निघणार नव्हतं. आणि दोघांपैकी एकाच्याही डोळ्यांना हे कसं दिसलं नाही? तर इतके महिने ते उपडं होतं. उपडं पातेलं बादलीसारखंच दिसतं, खाली लहान, वर मोठं. डोळ्यांत तोच आकार बसलेला. सुलटं केलं तरी डोळे काही सुलटे झाले नाहीत.

बाबा आले, त्यांनी ऐकलं, आणि विचारलं की मग धुवायचं कसं.

दोनच मार्ग होते. ओटा फोडायचा किंवा पातेलं कापायचं. ओळंबा छिन्नी घेऊन उठलासुद्धा. त्याची इज्जत होती त्यात. धाकट्याने त्याचा हात धरला. फोडलं तर उद्यापर्यंत पुन्हा होणार नाही, आईने आल्या आल्या विटांचा ढिगारा बघायचा का? मग पातेलं काप, ओळंबा म्हणाला. यावर धाकट्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर फिरवली. निदान वाळू तरी काढू, म्हणून दोघं थाप्यांनी वाळू उपसायला लागले, आणि थापी तळाला खर्रकन घासत होती.

"तळ ओरबाडताय," मागून आवाज आला.

आई. हातात अजून पिशवी तशीच होती.

बाबांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पातेलं अडकलंय, आणि उद्या गल्ली जेवायला येणार आहे. आधी काय सांगावं आणि मागून काय, हे त्यांना कधीच जमलं नाही. आईने पिशवी खाली ठेवली. आधी ती बाबांवर घसरली. कुणाला विचारून सांगितलंत? मी केव्हा म्हटलं करते म्हणून? घरातल्या तिघांचं मला जमत नाही आणि गल्लीचं करू? उद्या लोक येतील, तोंड वेडंवाकडं करतील, पाणी पितील आणि छान झालंय म्हणतील. तेवढंच राहिलंय बघायचं. बाबा जमिनीकडे बघत होते. आपलं पाणी पिणं दिसलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

मग ती ओट्याकडे वळली. गुलाबी फरशी बघितली. विटांत गळ्यापर्यंत रुतलेलं पातेलं बघितलं, त्यातून नुसतं तोंड वर आलेलं, बुडणाऱ्या माणसासारखं. मग चिखलात बसलेला ओळंबा बघितला, सहा फुटी, हातात छिन्नी, शाळेत वर्गाबाहेर काढल्यावर दिसायचा तसाच. आणि आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवाज करून, मग ओट्याला धरून. भिंतीवरून शिंपीणबाईची मान वर आली आणि काय झालं ते न कळताच तीही हसायला लागली.

"उठ रे," आई डोळे पुसत ओळंब्याला म्हणाली. "थापी ठेव. वाळू अशी काढतात का? माझा डाव आणा."

पातेल्याबरोबरच आलेला कँटीनचा लांब दांड्याचा डाव आतून आणला. आईने बाही वर केली. डाव पातेल्यात सोडला, काठाला घासून फिरवला, भरून वर, बाजूला, पुन्हा आत. दोघं थाप्यांनी चिमूट चिमूट काढत होते ती वाळू डावाडावाने बाहेर पडायला लागली. आईचा खांदा, कोपर, मनगट, सगळं एका तालात. तळाला डाव लागला तरी आवाज नाही. धाकटा ओट्याला टेकून बघत राहिला. हा हात गेलेला? कोण म्हणतं?

वाळू संपली. पाणी ओतून घासलं, पुन्हा पाणी ओतलं. आता ते बाहेर काढायचं कसं? तेव्हा बाबा पुढे सरसावले. गाडीच्या टाकीतून तेल काढायला ड्रायव्हर लोक वापरतात तशी त्यांनी नळी आणली, एक टोक पातेल्यात, एक तोंडात, जोरात ओढली, साबणाच्या पाण्याचा एक घोट गिळला आणि नळी मोरीकडे सोडली. पाणी सरसर निघून गेलं. बाबांना इतका अभिमान वाटला की तोंडातला फेससुद्धा त्यांनी लगेच पुसला नाही.

मग आईने स्वच्छ पाणी भरायला सांगितलं. धाकटा बादल्या ओतत होता. ती पातेल्याला लागून उभी राहिली, उजवा हात सरळ आत सोडला, आणि तिचा खांदा काठाला टेकला. आत बोटं पाण्याला लागली.

"बस," ती म्हणाली. "अर्धी पाळी."

कुणालाच काही कळलं नाही. तिने हात वर घेतला, कोपर काठावर ठेवलं.

"कोपर काठाला टेकलं आणि बोटं पाण्याला लागली, की आख्खी पाळी. खांदा टेकला की अर्धी. त्यावर मीठ. मला मापं दुसरी कुठली येतात?" ती थांबली. स्वतःच्याच ओल्या हाताकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "घरातल्या पातेल्यात हात जातोच कुठे? बोटं बुडतात नुसती."

बाबांनी तेवढ्यात तोंडावरचा फेस पुसला.

"गल्ली म्हणजे अर्धी पाळीच होईल," आई म्हणाली. "थोडी कमीच. आणि काय रे, ओटा एवढा उंच कुणाच्या मापाने बांधलास?"

ओळंबा पुटपुटला की सवयीने, स्वतःच्याच. आई म्हणाली, बरं झालं. तिकडे वाकून वाकून कंबर गेली माझी. इथे उभ्याने खांदा टेकतो. मग तिने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि बाबांकडे दिली, लपवून ठेवा म्हणाली.

त्या संध्याकाळी काटक्यांची बारीक आग करून चूल सुकवली. ओली चूल एकदम पेटवली तर तडकते, एवढं ओळंब्याने सांगितलं आणि दर थोड्या वेळाने येऊन हात लावून बघत राहिला, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

रविवारी गल्ली आली. ताटं आपापली, खुर्च्या आपापल्या. बाबा फाटकाशी उभे, पुढे सरका, मागे जागा आहे, करत. बटाटे, गाजरं आणि डाळ घालून दाट रस्सा आणि पाव, बास एवढंच. आईने मुठीने मीठ टाकलं, न बघता. मग डावाने थोडं घेतलं, फुंकलं, चाखलं. धाकटा समोर उभा होता. तिने डाव त्याच्याकडे केला.

त्याने चाखलं. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर. त्याचा जीव अक्षरशः भांड्यात पडला, तेही न निघणाऱ्या.

सगळंच काही सरळ झालं नाही. आग जरा जास्त झाली आणि रस्सा तळाला लागला, त्याचा वास शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला. वारा फिरला आणि धूर जायला नको तिकडेच गेला, शिंपीणबाईने जेवता जेवता उठून कपडे काढले आणि परत येऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिच्याच दाताखाली काहीतरी कचकन लागलं. वाळू. तिने भुवई वर करून विचारलं, हे काय घातलंय? ओळंबा सकाळपासून तोंड पाडून होता, त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाला, ती माझी कारागिरी. सगळे हसले, तोही हसला. तेव्हापासून तो ही गोष्ट स्वतः सांगतो. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि पाण्याला हात लावला नाही. आईने ते बघितलं, आणि आपण बघितलं हे त्यांना कळू दिलं नाही.

घरातलं जेवण लगेच काही सुधारलं नाही, हेही सांगायला हवं. आजही कधी भात तीन दिवस पुरतो. पण आई आता घरातल्या गॅसपाशी उभी राहते. चुकलं तर म्हणते, हे भांडंच लहान, आणि पुढचं करायला घेते. आणि रविवारी परसात अर्धी पाळी असतेच.

त्या दिवशी सगळे गेल्यावर धाकटा आणि ओळंबा मागे राहिले. आई हौदाशी भांडी घासत होती, आगीकडे तोंड करून. बाबा नळी गुंडाळत होते. ओळंब्याने ओट्यावरून हात फिरवला, गुलाबी फरशीवर थांबला आणि म्हणाला की हे पातेलं एक दिवस झिजेल. तळ जाईल. तेव्हा सगळं फोडावं लागेल. तेव्हा तू दुसरा कुणीतरी गवंडी आणशील, तो बघेल, आणि त्याला कळेल की हे कुणी केलं. गल्ली हसली ते चालतं, पण गवंडी हसलेला चालायचा नाही.

धाकट्याने बाबांकडून छिन्नी मागून घेतली. ती ओट्याखालच्या कोनाड्यात, लाकडांच्या मागे, आत सरकवून ठेवली.

"ही इथेच राहील," तो म्हणाला. "हे फोडायचा दिवस आला तर छिन्नी तुझ्या हातात आणि हातोडा माझ्या. दुसरा गवंडी या परसात पाऊल टाकणार नाही. आणि तोपर्यंत दर रविवारी तुझं ताट इथे मांडलेलं असेल, तू ये नाहीतर नको येऊस. शब्द देतो."